न्यूक्लिअर स्कॅनला निघण्याआधी: कोणत्या अवयवाला कोणती तयारी

"आजी, सकाळपासून काही खाल्लं का?"

"नाही जी. निरा चहा घेतला."

हृदयाच्या स्कॅनसाठी आलेल्या पेशंटकडून हे उत्तर आलं की माझा जीव खाली जातो. बहुतेक वेळा त्या दिवशीचा स्कॅन रद्द करावा लागतो. आजी पहाटे चारला उठून, दोन एसट्या बदलून आलेली असते. सोबत आलेल्या मुलाची मजुरी बुडालेली असते. आणि तिच्या नावानं मोजून काढलेलं औषध संध्याकाळपर्यंत निम्म्याहून कमी उरणार असतं. दोष आजीचा नसतो. "चहासुद्धा नाही" हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं, किंवा शेजारणीच्या स्कॅनला चहा चालला होता म्हणून तिनंही घेतलेला असतो.

न्यूक्लिअर स्कॅन इतका नाजूक का, ते आधी समजून घ्या. शिरेतून किरणोत्सारी औषधाचा छोटा डोस देतात. तो ठरलेल्या अवयवात जातो आणि तिथून निघणारे गॅमा किरण कॅमेरा टिपतो. सीटी स्कॅनमध्ये मुख्यतः अवयवाची रचना दिसते, या स्कॅनमध्ये तो अवयव काम कसं करतो ते दिसतं. म्हणून पोटात काय आहे, कोणती गोळी चालू आहे, पाणी किती प्यायलात, यावर चित्र बदलतं. बहुतेक स्कॅनमध्ये टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य वापरतात आणि ते दर ६ तासांनी निम्मं होत जातं. आजचा डोस उद्यासाठी राखून ठेवता येत नाही.

टप्पा १: स्कॅनचं पूर्ण नाव कागदावर लिहून घ्या

सगळ्या चुकांची सुरुवात इथे होते. गावाकडे सोनोग्राफीपासून एमआरआयपर्यंत सगळ्यालाच 'स्कॅनिंग' म्हणतात. बोन स्कॅन वेगळा आणि हाडांची घनता मोजणारा डेक्सा वेगळा. थायरॉईडची सोनोग्राफी वेगळी, थायरॉईड स्कॅन वेगळा. किडनीच्या स्कॅनमध्येही दोन प्रकार नेहमी लागतात: किडनी गाळण्याचं काम किती करते आणि लघवी पुढे सरकते का ते बघणारा डीटीपीए किंवा ईसी स्कॅन, आणि किडनीवर व्रण आहेत का ते बघणारा डीएमएसए. पेट स्कॅन ही आणखी निराळी गोष्ट आहे. त्याचा उपास आणि साखरेचे नियम वेगळे असतात, ते या लेखात नाहीत.

डॉक्टरांना विचारा: "कोणत्या अवयवाचा, कोणत्या नावाचा आणि कशासाठी?" चिठ्ठीवरचं अक्षर लागत नसेल तर तिथेच सिस्टरकडून मराठीत लिहून घ्या. तारीख घ्यायला फोन कराल तेव्हा हेच नाव वाचून दाखवा.

> सावध: दुसऱ्याच्या स्कॅनचा तयारीचा कागद वापरू नका. एका स्कॅनला भरपूर पाणी लागतं, दुसऱ्याला रिकामं पोट, तिसऱ्याला यातलं काहीच लागत नाही.

टप्पा २: तारीख घेतानाच या गोष्टी सांगा

यातल्या काही गोष्टींमुळे तारीख काही आठवड्यांनी पुढे जाऊ शकते. त्या सुईच्या खुर्चीत बसल्यावर सांगून उपयोग नाही.

गरोदरपण, किंवा पाळी चुकली असल्याची नुसती शंका असली तरी. सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असताना अनेक बायका या प्रश्नाला मान हलवून "नाही" म्हणतात. तारीख घेताना बाईला स्वतः फोनवर बोलू द्या, किंवा आशाताईंकडून निरोप पोहोचवा.

बाळ अंगावर पीत असेल तर तेही. बहुतेक टेक्नेशियम स्कॅननंतर काही तास दूध पाजणं थांबवायला सांगतात. किती तास, ते औषधावर ठरतं. आदल्या दिवशी दूध काढून ठेवता येतं. किरणोत्सारी आयोडीन-१३१ द्यायचं असेल तर गोष्ट गंभीर आहे: त्या बाळाचं अंगावरचं दूध कायमचं बंद करावं लागतं, त्यामुळे याचा निर्णय आधीच व्हायला हवा.

मागच्या दोन महिन्यांत रंगद्रव्याची सुई देऊन सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी झाली असेल तर तारखेसह सांगा. दमा, डायलिसिस, सरळ उताणं झोपता न येणं, बंद जागेची भीती, हेही सांगा. पेशंटला फक्त कोरकू, गोंडी किंवा माडिया कळत असेल तर तसं सांगा आणि भाषा जाणणारा माणूस सोबत आणा. "हलू नका" हे तीन वेळा मराठीत ओरडून सांगण्यापेक्षा एकदा माडियात समजावलेलं बरं.

पैशांचं आत्ताच बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किंवा आयुष्मान कार्डावर तुमच्या आजारासाठी हा स्कॅन बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला स्कॅनचं नाव सांगून विचारा. मंजुरी लागत असेल तर ती तारखेच्या आधी मिळवावी लागते.

टप्पा ३: अवयवाप्रमाणे तयारी

खालचं सगळं वाचू नका. आपला अवयव शोधा आणि तेवढंच वाचा. स्कॅन करणाऱ्या विभागानं दिलेल्या कागदात वेगळं काही असेल तर तो कागद पाळा.

*थायरॉईड*

याची तयारी सगळ्यात आधी सुरू होते, कधी कधी महिनाभर आधी. थायरॉईड कमी चालत असल्यावर देतात ती थायरॉक्सिनची गोळी चालू असेल तर स्कॅनच्या कारणाप्रमाणे ती ३ ते ४ आठवडे थांबवायला सांगू शकतात. थायरॉईड जास्त चालत असल्यावर देतात ती कार्बिमॅझोल साधारण ३ ते ७ दिवस थांबवतात. कधी डॉक्टरांना गोळी चालू असतानाचंच चित्र हवं असतं, म्हणून लेखी सूचनेशिवाय एकही गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

खरा घोळ होतो तो आयोडीनमुळे. बाहेरून आलेल्या आयोडीननं ग्रंथीचं पोट आधीच भरलं असेल तर ती औषध घेत नाही आणि चित्र फिकट येतं. सीटीच्या रंगद्रव्यातही आयोडीन असतं, म्हणूनच त्या सीटीनंतर साधारण ६ ते ८ आठवडे थांबवतात. वावरात विळा लागला आणि जखमेवर रोज तपकिरी पोव्हिडोन आयोडीन लावत असाल, किंवा त्याच्याच गुळण्या करत असाल, तर तेही सांगा. हे "औषध" आहे असं लोकांच्या मनातच येत नाही. हृदयाचे ठोके नियमित ठेवण्यासाठी अमिओडॅरोन चालू असेल तर तेही आवर्जून सांगा, त्यात भरपूर आयोडीन असतं.

सुईनंतर साधारण २० मिनिटांत चित्रं घेतात. मान मागे टाकून झोपावं लागतं, म्हणून मानेचं दुखणं असेल तर आधी बोला.

*हृदय*

चहा, कॉफी, कोला, चॉकलेट आदल्या दिवसापासून बंद. बहुतेक ठिकाणी २४ तास सांगतात. कोरा चहाही नाही आणि अर्धा कपही नाही. या स्कॅनमध्ये हृदयाला ताण देऊन चित्रं घेतात. सरकत्या पट्ट्यावर चालून ताण देता येत नाही अशा पेशंटला रक्तवाहिन्या रुंदावणारं औषध देतात आणि कॅफिन नेमकं त्याच औषधाचा परिणाम अडवतं. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं, पाकीट दाखवून घ्या.

आपल्याकडे सहज विसरली जाणारी गोळी म्हणजे दम्याची डेरिफायलीन. तिच्यातलं थिओफायलीन कॅफिनसारखंच आडवं येतं. गावातल्या दवाखान्यातून "छातीची गोळी" म्हणून मिळते आणि हृदयाच्या डॉक्टरांना तिचा पत्ताच नसतो. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा, हे त्यासाठीच.

मेटोप्रोलॉल, अटेनोलॉलसारख्या ठोके मंद करणाऱ्या गोळ्या काही जणांना १ ते २ दिवस थांबवायला सांगतात, काहींना चालू ठेवायला. ही गोळी अचानक तोडली तर छातीत दुखणं वाढू शकतं. हा निर्णय हृदयाच्या डॉक्टरांचाच.

साधारण ४ तास पोट रिकामं ठेवा. खर्रा आणि बिडी त्या दिवशी अजिबात नको, तंबाखूनं ठोके आणि रक्तदाब वाढतो. पट्ट्यावर चालायचं असेल तर चपलेऐवजी बूट आणि सैल कपडे घाला. ताणानंतरची आणि विश्रांतीची अशी दोनदा चित्रं घेतात, त्यामुळे अख्खा दिवस जातो, कधी दोन दिवस लागतात. डबा सोबत असू द्या, पण तो विभागानं सांगितल्यावरच उघडा.

*किडनी*

उपाशी राहू नका. घरी हलकं जेवून निघा. पोहोचल्यावर सुईच्या अर्धा-पाऊण तास आधी अर्धा लिटरच्या आसपास पाणी पाजतात. मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याच्या ४५ अंशांत एसटीनं आलेलं शरीर सुकलेलं असतं आणि सुकलेल्या शरीरात निरोगी किडनीही मंद चालताना दिसते. विनाकारण "अडथळा" असा शेरा येऊ शकतो. म्हणून प्रवासातही पाणी पीत या. हृदय कमजोर असेल किंवा डायलिसिस चालू असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

डीटीपीए किंवा ईसी स्कॅनमध्ये सुई कॅमेऱ्याखाली झोपवून देतात आणि त्याच सेकंदापासून चित्रण सुरू होतं. त्यामुळे आधी लघवी करून या, मग झोपा. मध्ये लघवीचं औषध देतात, जोराची लागते, घाबरू नका. क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट, सोनोग्राफी, वजन आणि उंची ही माहिती हवी असते.

डीएमएसएत सुईनंतर २ ते ३ तासांनी चित्रं घेतात. हा स्कॅन बहुधा लहान मुलांचा असतो. मुलाला झोप येईल अशा बेतानं त्याला खाऊ घाला, त्याची चादर किंवा आवडतं खेळणं आणा. झोपलेल्या मुलाचं चित्र सगळ्यात स्पष्ट येतं.

*हाडं*

सगळ्यात सोपी तयारी. नेहमीसारखं जेवा, नेहमीच्या गोळ्या घ्या. सुईनंतर साधारण ३ तास थांबायचं आणि त्या वेळात ५-६ ग्लास पाणी प्यायचं.

पण एक गोष्ट आवर्जून सांगा: मागच्या काही महिन्यांत कुठे पडलात का, दात काढला का, ऑपरेशन झालं का. भरून येणारं हाड या चित्रात ठळक दिसतं. बैलबंडीवरून पडून बरगडीला लागलेला मार सांगितला नाही, तर कॅन्सरच्या पेशंटमध्ये तोच डाग सगळ्यांची झोप उडवतो. सिकलसेल असेल तर तेही नक्की सांगा. पूर्व विदर्भात हा आजार घरोघरी माहीत आहे, आणि त्यात हाडांचा रक्तपुरवठा तुटून खुब्याचं हाड खराब होऊ शकतं. चित्र वाचणाऱ्याला हे ठाऊक हवं.

*पित्ताशय आणि यकृताचा हायडा स्कॅन*

इथे 'उपाशी' या शब्दावरून गोंधळ होतो. उपाशी म्हणजे उपास नाही. साबुदाण्याची उसळ, शेंगदाणे, केळं, चहा, दूध, काहीही नाही. ४ ते ६ तास पोट पूर्ण रिकामं. साधं पाणी चालेल का ते विचारून घ्या. उलट, भीतीनं आदल्या दुपारपासून काहीच न खाणंही चुकीचं: २४ तासांहून जास्त उपाशी राहिल्यास पित्ताशय आधीच तुडुंब भरतं आणि औषध आत शिरत नाही. रात्री नीट जेवा. ट्रॅमाडॉलसारखी जबर वेदनाशामक गोळी किंवा सुई घेतली असेल तर सांगा, तिच्यामुळे पित्ताची वाट आवळते.

कावीळ न उतरणाऱ्या तान्ह्या बाळाचा हा स्कॅन असेल तर आधी काही दिवस, बहुधा ५, फेनोबार्बिटोन नावाचं औषध देतात. एकही डोस चुकवू नका. आणि मुक्कामाच्या तयारीनं या: औषध आतड्यात उतरलं नाही तर २४ तासांनी पुन्हा चित्र घेतात. संध्याकाळच्या गाडीनं परत निघालेल्या आईला बसस्टँडवरून परत बोलवावं लागलेलं मी पाहिलं आहे.

> मधुमेह असेल तर: उपाशीपोटी साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन प्रवासाला निघू नका. साखर खाली जाऊन बसमध्येच चक्कर येऊ शकते. किती घ्यायचं, केव्हा घ्यायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि शक्यतो सकाळची पहिली वेळ मागा.

टप्पा ४: आदला दिवस

सकाळी विभागाला फोन करा. ज्यातून टेक्नेशियम काढतात ते उपकरण, म्हणजे जनरेटर (विजेचा नव्हे), साधारण आठवड्याला नवा येतो आणि तो रखडला तर तारखा पुढे जातात. हे निघण्याआधी कळलेलं बरं. पावसाळ्यात तर दोन्ही बाजूंनी फोन हवा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटू शकतो. अडकलात तर लगेच कळवा, म्हणजे तुमचा डोस दुसऱ्या गरजूला देता येईल आणि तुम्हाला पुढची तारीख मिळेल.

गडचिरोली, यवतमाळ, चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. सकाळी ८ ची वेळ असेल तर आदल्या रात्री पोहोचणंच शहाणपणाचं.

पिशवीत हवं: डॉक्टरांची चिठ्ठी, आधार, रेशन किंवा आयुष्मान कार्ड, जुने सगळे रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं, पाण्याची बाटली, एक जादा कपडा. मंगळसूत्र, कंबरेचा करगोटा, ताईत, नाणी ही धातूची वस्तू असेल तर चित्रात तिची सावली पडते. शक्य तेवढं घरीच काढून ठेवा. ज्यांना मंगळसूत्र काढायचं नाही त्यांनी तसं सांगावं, कॅमेऱ्याच्या जागेपासून ते बाजूला सरकवता येतं का ते पाहता येतं.

सोबत एक धडधाकट मोठा माणूस पुरे. गरोदर बाई आणि लहान मुलं सोबत नकोत.

> निघताना तपासा: स्कॅनचं नाव पाठ आहे का? शेवटचं काय खाल्लं आणि किती वाजता? कोणती गोळी आज घेतली, कोणती नाही? बसस्टँडवर तर्री-पोहे आणि चहाचा मोह होतो, तिथे स्वतःला विचारा: माझ्या स्कॅनला हे चालतं का?

टप्पा ५: सुई

नाव, वय, स्कॅनचं नाव पुन्हा पुन्हा विचारतात. कंटाळू नका, चुकीच्या माणसाला चुकीचा डोस जाऊ नये म्हणून ते असतं. काही खाल्लं असेल तर इथे खरं सांगा. रागावतील म्हणून लपवलं तर चुकीचं चित्र निघेल आणि त्यावर चुकीचा उपचार होईल. खरं सांगितलं तर फार तर तारीख बदलेल.

सुई साध्या सलाईनच्या सुईसारखी टोचते. आग, गरम लाट, गुंगी असं सहसा काही होत नाही. टोचलेल्या जागी फुगलं किंवा दुखलं तर लगेच बोला: औषध शिरेबाहेर गेलं तर ते अवयवापर्यंत पुरेसं पोहोचत नाही. स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बाईनं कोणत्या बाजूचं ते आधी सांगावं, सुई दुसऱ्या हाताला देतात.

किरणांची भीती सगळ्यांना असते, ती साहजिक आहे. शरीराला मिळणारे किरण मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. हाडांच्या स्कॅनचा डोस ४ मिलिसिव्हर्टच्या आसपास असतो. निसर्गातूनच माणसाला वर्षाला जगात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. कारण असेल तेव्हा हा डोस घेण्यात शहाणपण आहे, विनाकारण पुन्हा पुन्हा घेण्यात नाही. म्हणून तर तयारी चुकून स्कॅन दुसऱ्यांदा करायची वेळ येऊ देऊ नका.

टप्पा ६: वाट पाहणं

सुईनंतर विभागातच बसा. "तीन तास आहेत तर सीताबर्डीच्या बाजारात जाऊन येतो" असं करू नका. गर्दीत लहान मुलं, गरोदर बाया असतात, आणि वेळ चुकली तर चित्रही बिघडतं. पेशंटसाठी ठेवलेलंच शौचालय वापरा. पुरुषांनीही बसून लघवी करावी, म्हणजे थेंब उडत नाहीत.

पाणी प्यायला सांगितलं असेल तर ते प्या. बाहेर संडास घाण असेल या धाकानं बायका पाणीच पीत नाहीत, आणि मग औषध लघवीवाटे नीट बाहेर जात नाही.

टप्पा ७: कॅमेऱ्याखाली

आत जाण्याआधी लघवी करून घ्या आणि हात धुवा. लघवीचा एक थेंब परकरावर किंवा पायजम्यावर पडला तरी चित्रात तो हाडावरच्या डागासारखा दिसतो. कपडा ओला झाला असेल तर लाजू नका, सांगा. तो जादा कपडा याचसाठी आणायचा.

मशीन एमआरआयसारखं ठकठक वाजत नाही. कॅमेरा अंगाच्या अगदी जवळ येतो, दाबत नाही. हाडांच्या चित्राला अर्धा तास, कधी पाऊण तास लागतो. त्या वेळात श्वास नेहमीसारखा घ्या, बाकी हलू नका. खोकला किंवा पाठदुखी असह्य झाली तर हलण्याआधी आवाज द्या. दुखऱ्या पेशंटनं वेदनेची गोळी कधी घ्यावी, ते आधी विचारून ठेवावं.

कधी एका बाजूचं चित्र पुन्हा घेतात, किंवा "अजून एक करू" म्हणतात. तेवढ्यावरून वाईट काही निघालं असं समजू नका. दुसऱ्या कोनातून बघितल्याशिवाय काही जागा उलगडत नाहीत.

टप्पा ८: घरी

त्या दिवशी भरपूर पाणी प्या, वरचेवर लघवीला जा, दोनदा पाणी टाका. फ्लश नसेल तर दोन बादल्या ओता. हात साबणानं धुवा. बाळाची दुपटी किंवा म्हाताऱ्यांची लघवीची पिशवी हातमोजे घालून हाताळा, दुपटी वेगळी धुवा. तान्ह्या मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी फार वेळ अंगाशी घेऊन बसू नका.

टेक्नेशियमचा डोस २४ तासांत नुसत्या विघटनानं सोळाव्या हिश्श्यावर येतो, लघवीतून जातं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे वागा. पेशंटचं ताट वेगळं करणं, त्याला ओसरीवर झोपवणं, आठवडाभर नातवाला जवळ जाऊ न देणं, हे कृपा करून करू नका. आधीच आजारानं खचलेल्या माणसाला त्याचा फार त्रास होतो. आयोडीन-१३१ दिलं असेल तर मात्र नियम वेगळे आणि जास्त दिवसांचे असतात. त्याचं अर्धं व्हायला ८ दिवस लागतात. तो कागद जपून ठेवा आणि तसाच पाळा.

टप्पा ९: रिपोर्ट

रिपोर्ट कधी आणि कसा मिळेल, हे निघण्याआधी विचारा. कागद आणि चित्रं दोन्ही मागून घ्या, नुसता मोबाईलवरचा फोटो नको. फोटोत कडा कापल्या जातात आणि डॉक्टरांना तुलना करता येत नाही. 'काळा डाग' किंवा 'हॉट' हे शब्द वाचून गावात कोणाकडे अर्थ विचारत बसू नका. ज्या डॉक्टरांनी स्कॅन लिहिला त्यांच्याकडेच, जुन्या रिपोर्टसह जा. थांबवलेली प्रत्येक गोळी कोणत्या दिवसापासून परत सुरू करायची, हे त्याच भेटीत किंवा स्कॅनच्याच दिवशी लिहून घ्या. थायरॉईडची आणि हृदयाची गोळी 'स्कॅनसाठी बंद' झाली ती दोन-दोन महिने बंदच राहिली, असे पेशंट मी पाहिले आहेत.